इंद्रायणीच्या पाण्यामागं भिगवणपर्यंत

 

मागच्या वेळी आपण गटाच्या हिशेबाच्या वह्यांबद्दल बोललो. आजचा विषय वेगळा आहे. आमच्या पाच गटांनी मिळून यंदा महिला दिनाच्या आठवड्यात एक सहल काढली, तिच्याबद्दल बोलणार आहोत. बायकांची सहल म्हटली की देवदर्शन, नाही तर महाबळेश्वर. आम्ही गेलो भिगवणला. घरच्यांनी विचारलंच, "उन्हातान्हात तिकडं कशाला? सोलापूरच्या वाटेवरचं गाव ते, तिथं बघायला आहे काय?" तिथं बघायला पुष्कळ आहे, आणि त्यातलं थोडं आपल्याच घरातून गेलेलं आहे. ते कसं, तेच सांगायचं आहे.

आधी भिगवण कुठं ते सांगतो. पुणे-सोलापूर रस्त्यावर, पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर, इंदापूर तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. रेल्वेचं स्टेशनही आहे. पुणे जिल्ह्याची हद्द इथं संपत येते. समोर पाणी पसरलेलं, आणि पाण्यापलीकडं एका बाजूला अहिल्यानगर जिल्ह्याचा कर्जत तालुका, दुसऱ्या बाजूला सोलापूर जिल्ह्याचा करमाळा तालुका. तीन जिल्ह्यांची माणसं इथल्या बाजाराला येतात. मुलूख कोरडा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर इंदापूरकडं पाचशेच्या आसपास. मुरमाची माळरानं, बाभळी, आणि मार्च लागला की सकाळी दहालाच डोक्यावर पदर घ्यावा लागतो असं ऊन.

अशा कोरड्या जागी एवढं पाणी आलं कुठून? ते आहे उजनी धरणाचं. भीमा नदीवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. धरणाची भिंत तिकडं खाली सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात आहे, पण पाणी मागं पसरत पसरत भिगवणपर्यंत येतं. या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. सगळं भरलं तर ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं निम्म्याहून जास्त 'मृत साठा' म्हणून धरलेलं आहे. म्हणून तर दुष्काळी वर्षी बातम्यांत सांगतात, "उजनी मायनसमध्ये गेली."

आता हे गाव आम्ही निवडलं का? आमच्या गटातल्या एका ताईंचं माहेर इंदापूर तालुक्यातलं. दिवाळीआधीच्या मीटिंगमध्ये इंद्रायणीच्या पाण्याचा विषय निघाला होता. पाण्यावर फेस आला आहे, वास येतो, असं सगळ्याजणी बोलत होत्या. त्या ताई म्हणाल्या, "तुमच्या दारात ती दोन घटका थांबते आणि पुढं जाते. आमच्या माहेरी येऊन ती मुक्कामाला राहते." हे ऐकून सगळ्या गप्प झाल्या. मग ठरलं, आपल्या नदीचं पुढं काय होतं ते एकदा बघून यायचं.

नदीची वाट अशी आहे. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते. कामशेत करत देहूला येते. देहूच्या पुढं आमचं तळवडे. मग चिखली, मोशी, आळंदी. पुढं तुळापूरला ती भीमेला मिळते. आमच्या पिंपरी-चिंचवडची दुसरी नदी पवना. ती मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला मिळते, आणि मुळा-मुठा खाली रांजणगाव सांडसजवळ भीमेत जाते. म्हणजे देहू-आळंदीपासून हडपसरपर्यंत नाल्यातून जे काही वाहतं, ते शेवटी भीमेत. भीमा दौंडवरून उजनीत. उजनीतून सुटलेलं पाणी पंढरपूरला. तिथं तिला आपण चंद्रभागा म्हणतो आणि तीर्थ म्हणून ओंजळीत घेतो. तुकोबांची पालखी देहूहून पंढरपूरला जमिनीवरून जाते आणि इंद्रायणी तिथंच पाण्यावाटे जाते. वारी दोघींचीही आहे.

सहलीचा खर्च कसा बसवला, हे गटांना विचारायचं असतंच, म्हणून सांगतो. गटाच्या बचतीला हात लावला नाही. सप्टेंबरपासून दर महिन्याला प्रत्येकीनं शंभर रुपये वेगळे दिले. त्यासाठी वहीत वेगळं पान केलं. मार्चपर्यंत माणशी सातशे रुपये झाले. त्यात बस, नाव आणि जेवण बसलं. बेचाळीस जणी निघालो. दहावीच्या परीक्षा असल्यामुळं काही जणींना येता आलं नाही. त्यांचे पैसे परत केले आणि तशी नोंद करून सह्या घेतल्या.

पहाटे चारला बस सुटली. हडपसर, लोणी काळभोर, यवत. ही सगळी तुकोबांच्या पालखीचीच वाट, त्यामुळं गाडीत आपोआप अभंग सुरू झाले. पाटसला पालखी रोटी घाटानं बारामतीकडं वळते, आम्ही सरळ गेलो. कुरकुंभच्या फिरंगाईदेवीला बसमधूनच हात जोडले. तिथून पुढं मुलूख बदलतो. उजाड माळ, मग मध्येच हिरवागार ऊस, परत माळ. साडेसातच्या सुमाराला आम्ही भिगवणच्या पुढं कुंभारगावला पोचलो. पक्षी बघायचे तर सकाळी लवकर जावं. उन्हं चढली की पाणी चमकायला लागतं आणि डोळे दिपतात.

नावेत बसण्याआधी आमची एकच अट होती. प्रत्येकीच्या अंगात लाइफ जॅकेट असलं पाहिजे आणि नावेत ठरल्यापेक्षा जास्त बायका बसणार नाहीत. दोन-चार जणी म्हणाल्या, साडीवर ते कसं दिसतं. पण मैत्रिणींनो, २०२४ च्या मे महिन्यात याच उजनीत करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडं येणारी नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यात लहान मुलंही होती. इथल्या लोकांना रस्त्यानं मोठा वळसा पडतो म्हणून ते रोज नावेनं ये-जा करतात. पाणी शांत दिसलं तरी वारा विचारून येत नाही. तुम्ही कुठंही नावेत बसाल तर जॅकेट घातल्याशिवाय बसू नका, आणि पोरांना आधी घाला.

आता पक्षी. लांबून पाण्यात गुलाबी-पांढरी रांग दिसली. आमच्यातल्या एकीला वाटलं कुणी धुणं वाळत घातलंय. जवळ गेलो तर रोहित पक्षी. त्यांनाच फ्लेमिंगो म्हणतात, कुणी अग्निपंखही म्हणतात. उंच काड्यांसारखे पाय, लांब मान, आणि वाकडी चोच. ती चोच उलटी करून ते चिखलपाणी चाळतात, आपण पीठ चाळतो तसं. चिखल बाहेर, किडे आणि शेवाळ आत. त्या खाण्यातूनच त्यांना गुलाबी रंग येतो. पिल्लं करड्या रंगाची असतात, रंग पुढं हळूहळू चढतो. कच्छच्या रणात त्यांची मोठी वीण होते. उजनीचं पाणी ओसरायला लागलं आणि काठाचा गाळ उघडा पडला की त्यांना इथं चरायला मिळतं. म्हणून हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ते इथं दिसतात.

नाव चालवणारा मुलगा मासेमारी करणाऱ्या घरातला. वडील जाळं टाकतात, हा थंडीच्या दिवसांत लोकांना पक्षी दाखवतो. त्याला पक्ष्यांची मराठी, इंग्रजी, दोन्ही नावं पाठ. त्यानं डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले पट्टकदंब दाखवले. हे हिमालय ओलांडून येतात आणि मार्च लागला की परतीची तयारी करतात, म्हणून आम्हाला थोडेच दिसले. चित्रबलाक मात्र भरपूर. पिवळी वाकलेली चोच, शेपटीकडं गुलाबी पिसं. जवळच भादलवाडीच्या तळ्यावर झाडाझाडांवर त्यांची घरटी असतात. ते कुठून आलेले पाहुणे नाहीत, इथलेच. नावेमागं कुरव पक्ष्यांचा थवा लागला होता. बाजूच्या नावेतली माणसं त्यांना शेव-फरसाण टाकत होती. आमचा नावाडी म्हणाला, "असलं टाकू नका ताई, तेलकट तिखट खाणं त्यांचं नाही." आमच्या हातातली पुडी परत पिशवीत गेली.

त्याच मुलानं पाण्यात हात घालून ओंजळ वर काढली. पाणी हिरवं होतं. म्हणाला, "एप्रिल-मे महिन्यात यायला हवं होतं, तेव्हा रंग लावल्यासारखं होतं." आमच्यातली एक म्हणाली, "पण एवढे पक्षी आहेत म्हणजे पाणी चांगलंच असणार." तो हसला. रोहित शेवाळ खातो, त्याला हिरवं पाणी चालतं. पाणी चांगलं आहे का हे माशाला विचारायचं, असं तो म्हणाला.

दुपारचं जेवण आम्ही गावातल्या बायकांकडं सांगून ठेवलं होतं. सातजणींचा गट. बाहेर पत्र्याच्या सावलीत चुली, मडक्यात पाणी, आणि ताटात भाकरी, माशाचं कालवण, तळलेला तुकडा. आमच्यातल्या माळकरी बायकांसाठी पिठलं आणि मिरचीचा ठेचा. त्यांच्या कामाची रीत आम्ही नीट पाहिली. फोनवर ताटांचा आकडा आधी घेतात आणि थोडी रक्कम आधी मागतात. ताटाचा दर पाटीवर लिहिलेला. रोज मासा ज्या घरातून येतो त्याचे पैसे त्याच संध्याकाळी देतात, उधारी नाही. जूनपासून पाहुणे बंद होतात, म्हणून सीझनमधल्या नफ्यातला वाटा बाजूला काढून ठेवतात आणि पावसाळ्यात तोच गटातल्या बायकांना कर्जाऊ देतात. आमच्याकडं डब्यांचं काम करणाऱ्या तिघींनी हे सगळं लिहून घेतलं.

जेवणं झाल्यावर सगळ्याजणी सावलीला बसलो. त्यांच्यातल्या एक मावशी साठीच्या. त्या पळसदेवकडच्या. धरण झालं तेव्हा जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं आणि गाव वर रस्त्याकडं आणून वसवलं. पळसनाथाचं जुनं दगडी देऊळ अजून पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की ते उघडं पडतं. मावशी म्हणाल्या, "दुष्काळ पडला की बाहेरची लोकं देऊळ बघायला येतात. आम्ही घराचा चौथरा शोधायला जातो."

आम्ही आमचं गाव सांगितलं. तळवडे, देहूच्या जवळ, इंद्रायणीकाठी. त्या सरळच म्हणाल्या, "म्हणजे वरच्या अंगाच्या तुम्ही. आमचं पाणी तुमच्याकडनंच येतंय." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. घरातल्या बायका बोलतात तसं त्या बोलत होत्या. पूर्वी जाळ्यात किती जातीचे मासे यायचे ते त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. आता बहुतेक चिलापीच मिळतो. मासे धुवून-कापून दिवसभर हात पाण्यात असतात, त्यांना खाज सुटते, पुरळ येतं. उन्हाळ्यात जाळं वर काढलं की त्यावर हिरवा चिकट थर असतो आणि तो धुवायला अर्धा दिवस जातो. प्यायचं पाणी विकतचं आणावं लागतं. आणि हे कोण सांगतंय? ज्यांच्या घरादारावर हे पाणी उभं आहे, त्या बायका.

हे असं का होतं, तेही साधं सांगतो. शेतात युरिया टाकला की पीक हिरवं होतं, तसंच सांडपाण्यातल्या मैल्यानं, साबणानं आणि शेतातून वाहून आलेल्या खतानं पाण्यातलं शेवाळ वाढतं. वाहत्या नदीत ते पुढं जातं. धरणात पाणी थांबतं आणि ऊन कडक, म्हणून शेवाळ माजतं. ते मेलं की कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. मग नाजूक मासा मरतो आणि चिलापीसारखा चिवट मासा उरतो. इंद्रायणी-पवनेत दरवर्षी माजणारी जलपर्णीही याच खतावर वाढते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन मोठ्या शहरांचं सांडपाणी, काही प्रक्रिया केलेलं, काही न केलेलं, या नद्यांत येतं. त्यात कारखान्यांचं पाणी मिसळतं. हेच पाणी पुढं सोलापूर शहराला नळानं जातं.

येताना गाडीत अभंग झाले नाहीत. एकेक जण बोलत होती. कुणी म्हणाली, आपल्यासारख्या बायकांनी काय होणार, मोठमोठ्या कंपन्या आहेत. ते खरं आहे. मोठं पाणी मोठ्या नळातून येतं आणि ते शुद्ध करायचं काम ज्यांचं त्यांनीच करायला हवं. पण आपल्या मोरीचं तोंडही त्याच नदीत उघडतं. तेव्हा दोन्ही कामं करायची. आपल्या हातातलं आपण करायचं, आणि ज्याचं त्याला विचारायचं.

आपल्या हातातलं काय, ते पुढच्याच मीटिंगला ठरलं. डबे करणाऱ्या तिघी आता तळणाचं उरलेलं तेल मोरीत सोडत नाहीत, पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून ठेवतात. असं वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची योजना अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ साली सुरू केली आहे, आणि ते विकत नेणारे लोक आहेत. थोडे पैसेही सुटतात. कपड्यांना पावडर मूठभर न घालता चमच्यानं मोजून घालतो. एका गटानं महिन्याचा हिशेब केला तर साबणाचा खर्चही उतरला. निर्माल्य घाटावर नेत नाही, रुपीनगरच्या दोन गटांनी त्याचं खत करायला घेतलं आहे.

आणि विचारायचं ते असं. आमच्या बऱ्याच बायका लहान-मोठ्या कारखान्यांत काम करतात. रंगकाम, धातूकाम, पॅकिंग, सगळीकडं. नाल्यात रंगीत पाणी आलं की त्यांना आधी दिसतं. एकट्या बाईनं तोंड उघडलं तर उद्या कामावरून जायची भीती. म्हणून तक्रार गटाच्या नावानं करायची. कोणत्या नाल्यात, कोणत्या दिवशी, किती वाजता, पाण्याचा रंग आणि वास कसा, एवढं लिहायचं. फोटो काढायचा. अर्ज महापालिकेच्या पर्यावरण विभागाला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेऊन पोच ठेवायची. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं समजा. आमच्या पहिल्या अर्जाची पोच वहीत लावलेली आहे. महिन्याच्या मीटिंगमध्ये इतर हिशेबाबरोबर तिचाही हिशेब विचारला जातो: उत्तर आलं का, नाही आलं तर पुढचा अर्ज कोण नेणार.

भिगवणच्या त्या गटाशी आमचं नातंही तुटलेलं नाही. त्यांच्याकडची सुकी मासळी आमच्याकडं विकायला मागवली आहे, आणि आमच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी त्यांच्यासाठी जाड कापडाचे एप्रन पाठवले. नदीत पाणी कसं आहे, हे त्या आम्हाला फोनवर सांगतात. वरच्या अंगाला काय झालं, ते आम्ही त्यांना सांगतो.

मैत्रिणींनो, तुम्हीही भिगवणला जरूर जा. डिसेंबर ते मार्च हा काळ बरा. सकाळी लवकर पोचा, टोपी किंवा जाड पदर, पाण्याच्या बाटल्या आणि ओआरएसची पाकिटं बरोबर ठेवा. पक्ष्यांच्या फार जवळ नाव न्यायला सांगू नका. जेवण गावातल्या बायकांकडंच सांगा, म्हणजे तुमचे पैसे गावात राहतील. वेळ उरला तर इंदापूर तालुक्यातच कडबनवाडीचं माळरान आहे, तिथं चिंकारा हरणं आणि नशिबात असेल तर लांडगा दिसतो. मात्र तिथं वनखात्याला विचारूनच जायचं.

आणि जाणं जमलं नाही, तर एवढं करा. पुढच्या मीटिंगला एक प्रश्न मांडा. आपल्या गावचा ओढा कुठल्या नदीला मिळतो, ती नदी पुढं कुणाच्या दारात जाते, आणि तिथल्या बायका ते पाणी कशाला वापरतात? वरच्या अंगाला कोण आहे तेही विचारा. तुम्हाला कुणाचं तरी पाणी येतं आणि तुमचं पाणी कुणाकडं तरी जातं. त्या गावात एक तरी बचत गट असेलच. त्यांचा फोन नंबर मिळवा आणि तुमच्या वहीत लिहून ठेवा.

पुढच्या वेळी भेटू. तोपर्यंत तळवड्याच्या सगळ्या गटांकडून नमस्कार.